एका नळीची पुंगळी उडतच नाही: इजेक्टर काढून साफ करणं, आणि तो परत परत का अडकतो

तक्रार सगळ्यांची सारखीच असते. दोन्ही नळ्या झाडल्या, बंदूक उघडली, एक पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच) खांद्यावरून मागे उडाली आणि दुसरी जागच्या जागी, जराशी वर उचलून बसलेली, मग ती नखाने ओढून काढा. माझ्या बारा बोअरच्या ओव्हर-अंडरला (एकावर एक दोन नळ्या असलेली बंदूक) हे खालच्या नळीत व्हायचं, आणि वैताग म्हणजे साफ केलं की दोन-तीन आठवडे एकदम मस्त चालायचं आणि मग परत तेच. आधी काडतुसांना शिव्या घातल्या. मग स्प्रिंग बदलली, ती बदलल्यावर महिनाभर बरं चाललं म्हणून मी सगळ्यांना सांगत फिरलो की बघा स्प्रिंगच होती, आणि मग परत तेच. तिसऱ्या वेळी नीट बसून सगळं काढून बघितलं तेव्हा कळलं की घाण कुठून येते, आणि ती मीच आत घालत होतो. ते पुढे सांगतोच, पण आधी कशाला काय म्हणतात ते स्पष्ट करून घेऊ कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो.

एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर एकच नाहीत. एक्स्ट्रॅक्टर बंदूक उघडली की काडतुसं थोडी वर उचलून देतो, झाडलेलं असो नाहीतर भरलेलं, पुढचं काम तुमच्या बोटांचं. इजेक्टर झाडलेली पुंगळी फेकून देतो आणि न झाडलेलं काडतूस फक्त उचलतो. आता हे त्याला कसं कळतं, तर ढोबळमानाने असं की हॅमर (ट्रिगर ओढल्यावर पडणारा घोडा) पडला की ॲक्शनमधला, म्हणजे बंदुकीच्या मधल्या यंत्रणेतला, ट्रिप नावाचा एक छोटा तुकडा आपली जागा बदलतो, मग बंदूक जवळजवळ पूर्ण उघडत आली की त्या बाजूचा सिअर (अडवून धरणारी खिट्टी) सुटतो, दाबून धरलेली स्प्रिंग मोकळी होते आणि इजेक्टर झटक्यात बाहेर येतो. हॅमर पडलाच नसेल तर सिअर सुटत नाही आणि काडतूस नुसतं वर येतं. म्हणूनच इजेक्टरवाल्या बंदुकीत प्रत्येक नळीला वेगळा तुकडा असतो. बऱ्याच ओव्हर-अंडरमध्ये हे दोन तुकडे नळ्यांच्या डाव्या-उजव्या अंगाला सरकतात, एक वरच्या नळीसाठी आणि एक खालच्या.

कल्पना जुनी आहे, जोसेफ नीडहॅमचं इजेक्टरचं पेटंट १८७४ सालचं. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की स्प्रिंग कुठे बसवलीय त्यावरून दोन घराणी पडतात. एकात स्प्रिंग आणि छोटे इजेक्टर हॅमर फोरएंडच्या (नळ्यांखालच्या पुढच्या लाकडी भागाच्या) लोखंडात असतात, उदाहरणार्थ ब्राउनिंगची सुपरपोज्ड आणि तिच्या वळणाच्या बंदुका, शिवाय साउथगेट पद्धतीच्या जुन्या साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी नळ्यांच्या) बंदुका. दुसऱ्यात स्प्रिंग नळ्यांच्या मागच्या ठोकळ्यातच, म्हणजे मोनोब्लॉकमध्ये, इजेक्टरच्या दांडीपाशी असते, बेरेटाच्या ६८० मालिकेसारखं. तुमची कोणती ते बघायला फोरएंड काढा आणि त्याच्या मागच्या तोंडाकडे बघा. तिथे दोन छोटे हॅमरसारखे तुकडे दिसले तर पहिलं घराणं, काहीच नाही तर बहुतेक दुसरं. हे आधी बघून ठेवा कारण दुरुस्ती कुठे करायची हे त्यावर ठरतं, मोनोब्लॉक घासत बसलात आणि खराबी फोरएंडमध्ये असली तर दिवस वाया.

आता खोलायच्या आधी निदान. हे लोक करत नाहीत, मीही केलं नव्हतं. पुंगळी न उडण्याची कारणं तीन ठिकाणी असू शकतात: पुंगळी चेंबरला (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेला) चिकटतेय, इजेक्टर जड सरकतोय, किंवा त्याला फटकाच बसत नाहीये. वेगळं करायचं तर सोपं आहे. ज्या नळीत त्रास आहे तिथे वेगळ्या कंपनीची, पितळी बुडाची काडतुसं चार-सहा वापरून बघा, आणि त्रास देणारी काडतुसं दुसऱ्या नळीत घाला. त्रास काडतुसाबरोबर दुसऱ्या नळीत गेला तर इजेक्टरला हात लावू नका. त्रास नळीबरोबरच राहिला तर पुढे चला. मग न उडालेली पुंगळी बोटांनी ओढून बघा, सहज निघाली तर चेंबर ठीक आहे, खेचावी लागली तर आधी चेंबर बघा. आणि तिसरं, नळ्या ॲक्शनपासून काढून इजेक्टर बोटाने मागे-पुढे सरकवून दोन्ही बाजूंची तुलना करा (मोनोब्लॉकवाल्यात स्प्रिंगचा जोर लागेल, फोरएंडवाल्यात तो नुसता मोकळा सरकला पाहिजे). एक बाजू लोण्यासारखी आणि दुसरी वाळूतून ओढल्यासारखी असेल तर सापडला चोर.

लक्षणं मात्र नीट बघा कारण सगळीच घाणीची नसतात. न झाडलेलं काडतूससुद्धा उडत असेल तर सिअर धरत नाहीये, कधी खाचेत कचरा असतो, कधी कडा गोल झालेली असते, कचरा आपण काढू शकतो पण गोल झालेली कडा हे गनस्मिथचं काम. बंदूक बंद करताना एकदम जड लागतेय, शेवटचे दोन मिलिमीटर जोर लावावा लागतोय, तर इजेक्टरचं डोकं आपल्या खाचेत पूर्ण बसत नाहीये, त्याच्याखाली न जळलेल्या दारूचा एखादा दाणा असला तरी पुरतो. हे बघायला डोक्यावर मार्करने काळं करा, बंदूक एकदा बंद करून उघडा, काळं कुठे पुसलं गेलं ते बघा. आणि एक वाईट लक्षण म्हणजे इजेक्टर रिमवरून (काडतुसाच्या बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवरून) घसरून पुढे निघून जातो आणि पुंगळी त्याच्या खाली अडकून बसते. त्यात इजेक्टरचा रिम पकडणारा ओठ झिजलेला असू शकतो किंवा डोकं बाजूला हलतंय. रिकामी पुंगळी असेल तर नळ्या काढून लाकडी काडीने बाजूला ढकलत सोडवता येते, पण भरलेलं काडतूस असं अडकलं तर समोरून नळीत दांडा घालून ठोकायचं नाही, कधीच नाही, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून तशीच जाणकाराकडे.

खोलायला बसण्याआधी बंदूक उघडून दोन्ही चेंबर डोळ्याने बघा आणि बोट घालून बघा, मग काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून या. खरंच ठेवून या, नुसतं बाजूला सारून नाही. स्नॅप कॅप (तपासणीसाठीचं नकली काडतूस) आणि खरं काडतूस एकाच टेबलावर कधीच नसावं. डोळ्याला चष्मा हवा, कारण मोनोब्लॉकमधली स्प्रिंग सुटली की कुठे जाईल सांगता येत नाही, माझी एकदा कपाटामागे गेली ती तीन दिवसांनी झाडू मारताना सापडली.

सामान फार लागत नाही. योग्य मापाचा पिन पंच, नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर (हे महत्त्वाचं, बंदुकीच्या स्क्रूच्या खाचा बारीक असतात आणि घरचा टोकाकडे निमुळता ड्रायव्हर त्या चेचून टाकतो, मग ती जखम आयुष्यभर दिसते), नायलॉनचा ब्रश किंवा जुना टूथब्रश, कानात घालतो तसल्या कापसाच्या काड्या, पाइप क्लीनर, टूथपिक, सॉल्व्हंट, हलकं तेल, आणि एक मोठी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी. पिशवी कशाला ते येतंच आता.

नळ्या जाड टॉवेलवर आडव्या ठेवा. पहिलं काम फोटो काढणं. दोन्ही बाजूंचे, जवळून, आणि प्रत्येक तुकडा निघाल्यावर परत. तुम्हाला वाटेल लक्षात राहील, नाही राहत. मग इजेक्टर कशाने धरलाय ते शोधा. काही बंदुकांत बाजूने किंवा खालून एक छोटा स्क्रू असतो, तो काढला की इजेक्टर मागे सरकून निघतो. मोनोब्लॉकवाल्या काहींमध्ये स्क्रू दिसतच नाही, तिथे स्प्रिंगवर बसलेली एक बारीक पिन इजेक्टरला अडवून धरते, ती पंचाने आत दाबायची असते. इथे सगळे चुकतात ते असं की पिनवर इजेक्टरचा जोर असतानाच ती दाबायला बघतात, ती दबत नाही, मग हातोडी येते, आणि हातोडी आली की पिन वाकते. आधी इजेक्टर अंगठ्याने थोडा आत दाबा म्हणजे पिनवरचा भार जाईल, मग पिन पंचाने हलकेच आत, आणि अंगठा न सोडता इजेक्टर हळूहळू बाहेर येऊ द्या. हे सगळं नळ्यांचं मागचं टोक आणि दोन्ही हात त्या पारदर्शक पिशवीत घालून करायचं, म्हणजे स्प्रिंग उडाली तरी पिशवीतच पडेल. दिसायला येडपट वाटतं पण कपाट सरकवण्यापेक्षा बरं. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल किंवा सुट्या भागांचा नकाशा असेल तर तो समोर ठेवा, पिन नक्की कुठल्या बाजूने दाबायची ते प्रत्येकात वेगळं असतं आणि अंदाजाने ठोकाठोकी नको.

एका वेळी एकच बाजू खोला. डावा-उजवा इजेक्टर सारखे दिसतात पण एकमेकांच्या जागी बसत नाहीत आणि चांगल्या बंदुकीत ते हाताने जुळवलेले असतात. डावं सगळं एका वाटीत, त्याची स्प्रिंग आणि पिन त्याच वाटीत, ती बाजू परत बसवून झाल्यावरच उजवीला हात लावा. जोडताना अडलात तर दुसरी बाजू नमुना म्हणून समोर असते हा आणखी एक फायदा.

फोरएंडवाल्या घराण्यात नळीवरचा इजेक्टर काढणं सोपं असतं पण फोरएंडमधले हॅमर आणि स्प्रिंगा घरी उतरवू नका असं माझं मत आहे. त्यातल्या त्यात जुन्या साइड-बाय-साइडमध्ये व्ही आकाराच्या चपट्या स्प्रिंगा असतात, त्या काढायला स्प्रिंग क्लॅम्प लागतो, पकडीने दाबून काढायला गेलात तर मोडतात आणि तशी स्प्रिंग आयती मिळत नाही, कोणीतरी घडवून द्यावी लागते. तिथे लाकूड वाचवत ब्रशने सॉल्व्हंट, कोरडं फडकं, हवेचा झोत आणि पुरे.

आता माझ्या खालच्या इजेक्टरमधून काय निघालं ते सांगतो. वरून बघता सगळं चकचकीत होतं. दांडी काढल्यावर तिच्या पाठीवर काळपट-तपकिरी थर, नखाने खरवडला तर मेणासारखा गोळा झाला. स्प्रिंगच्या भोकात तर चक्क लगदा होता, त्यात दारूचे छोटे चपटे दाणे, वॉडच्या (काडतुसातल्या दारू आणि छऱ्यांमधल्या बुचाच्या) प्लास्टिकचा एक हिरवट पापुद्रा आणि तळाशी काहीतरी गंजासारखं लाल. स्प्रिंग त्या लगद्यात अर्धी बुडालेली, म्हणजे ती पूर्ण उघडायला जागाच नव्हती. नवी स्प्रिंग घातली तेव्हा मी भोक नुसतं कापसाने पुसलं होतं, नव्या स्प्रिंगला जोर जास्त होता म्हणून तिने महिनाभर त्या लगद्यातून इजेक्टर ढकलला, एवढंच. गुण स्प्रिंगचा नव्हताच.

साफ करताना सुटे भाग सॉल्व्हंटमध्ये पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या, मग ब्रश. दांडी ज्या खाचेत सरकते तिचे आतले कोपरे टूथपिकने काढा, लाकूड आहे म्हणून ओरखडे पडत नाहीत. स्प्रिंगच्या भोकात पाइप क्लीनर सॉल्व्हंटमध्ये बुडवून घाला, फिरवा, काढा, टाका, नवीन घ्या, असं तो पांढरा निघेपर्यंत. माझ्या वेळी नऊ लागले. इजेक्टरचं डोकं जिथे बसतं ती खाच सगळ्यात जास्त वेळ खाते कारण कार्बन तिथे कडक होऊन बसतो, पण घाईने पॉलिश पेपर मारू नका. तो ओठ आणि ती खाच यांच्यातली जागा अगदी नेमकी असते, थोडं घासलं तरी डोकं खोल बसतं किंवा रिमची पकड जाते, आणि घासलेलं लोखंड परत चढवता येत नाही. सॉल्व्हंट लावून परत वीस मिनिटं थांबा, तेवढंच. साफ झाल्यावर दांडीच्या कडांवरून कापसाची काडी फिरवा, कुठे धागा अडकला तर तिथे बारीक कूस आहे. ती दाखवून गनस्मिथकडून काढून घ्या.

स्प्रिंगा दोन्ही बाजूंच्या एका रेषेत उभ्या करून बघा (हे एकच काम असं की त्यासाठी दुसरी बाजू उघडावी लागते, तर ती पाळी आल्यावर पहिलीची लांबी मोजून लिहून ठेवलेली बरी). एक स्पष्ट आखूड असेल, वेटोळं मोडलेलं असेल, किंवा वाकलेली असेल तर बदला, आणि बदलाल तर जोडीने. एक नवी आणि एक जुनी ठेवली तर पुंगळ्या वेगवेगळ्या जोराने उडतात आणि मग तुम्ही परत निदान करत बसता.

आणि मग तेल. इथेच माझा घोटाळा होता, निम्मा तरी. मला वाटायचं अडकतंय म्हणजे तेल कमी पडतंय, म्हणून प्रत्येक वेळी डबीतून दोन फवारे थेट इजेक्टरच्या फटीत. दोन दिवस भारी सरकायचा. पण ते तेल आत जाऊन बसतं, त्यात पुढच्या प्रत्येक बाराची काजळी आणि दारूचे दाणे चिकटतात, हलका भाग उडून जातो आणि मागे राहतो तो डिंक. डब्ल्यूडी-४० सारखे फवारे पाणी घालवायला आणि घाण सैल करायला उत्तम आहेत, मारा आणि पूर्ण पुसून काढा, पण ते तिथे वंगण म्हणून सोडून देऊ नका. इजेक्टरची दांडी जवळजवळ कोरडी चालली पाहिजे. एक थेंब हलकं तेल फडक्यावर, ते फडकं दांडीवरून आणि स्प्रिंगवरून फिरवायचं, मग कोरड्या फडक्याने परत पुसायचं, जे उरतं तेवढंच पुरे. ग्रीस हवं ते हिंज पिनला आणि जिथे लोखंड लोखंडावर दाबून फिरतं तिथे, इजेक्टरला नाही. थंडीत तर ग्रीस किंवा जाड तेल घट्ट होतं आणि इजेक्टर झोपेतून उठल्यासारखा हलतो.

पण उरलेला निम्मा घोटाळा मला स्वतःला सापडला नाही, तो रेंजवरच्या एका वयस्कर काकांनी दाखवला. मी नळ्या साफ करत होतो, ते शेजारी बसून बघत होते, काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अरे, तू दांडा तोंडाकडून घालतोस?" म्हटलं हो काका, सोपं पडतं. "आणि मग ती सगळी काजळी कुठे जाते?" मी बघितलं. ब्रश चेंबरमधून बाहेर येतो तिथे बरोबर दोन्ही इजेक्टरची डोकी. नळीभरातली काजळी, प्लास्टिक, सॉल्व्हंट, सगळं मी दर वेळी स्वतःच्या हाताने इजेक्टरवर नेऊन ओतत होतो. आणि वर नळ्या भिंतीला टेकवून उभ्या करायचो त्या चेंबरची बाजू खाली करून, तोंड नाजूक असतं म्हणून काळजीने, म्हणजे उरलेलं सॉल्व्हंट आणि तेल रात्रभर निवांत ओघळत स्प्रिंगच्या भोकात. आणि खालच्या नळीतच का, तर मी पहिला बार नेहमी खालच्या नळीचा टाकतो आणि क्लेवर (नेमबाजीत हवेत फेकतात त्या तबकडीवर) बऱ्याचदा दुसरा लागतच नाही, म्हणून तीच जास्त काळी व्हायची आणि तिच्यावरच जास्त सॉल्व्हंट ओतलं जायचं. काका हसले नाहीत हे त्यांचे उपकार.

तर दांडा चेंबरच्या बाजूने घालायचा आणि तोंडातून बाहेर काढायचा. ब्रश तोंडातून बाहेर आला की पुसून मगच परत ओढायचा. तोंडाखाली जुना कागद ठेवा, काय काय पडतं ते बघून आश्चर्य वाटेल. चेंबरमध्ये सॉल्व्हंट लावताना इजेक्टरच्या डोक्यांवर फडक्याची घडी धरा. नळ्या टेकवायच्या त्या तोंड खाली करून, खाली मऊ काहीतरी, म्हणजे जे ओघळायचं ते कागदावर ओघळेल. जोडलेली बंदूक तेल लावल्यानंतर तोंड खाली करून ठेवण्यातही हाच फायदा आहे, तेल ॲक्शनमध्ये आणि दस्त्याच्या लाकडात मुरत नाही.

चेंबरबद्दल थोडं, कारण इजेक्टर धडधाकट असूनही पुंगळी चिकटत असेल तर कारण तिथे आहे. नळीचा ब्रश चेंबरला सैल पडतो, चेंबर नळीपेक्षा रुंद असतं, म्हणून त्याचा वेगळा जाड ब्रश येतो तो वापरा. काही स्वस्त काडतुसांचं बूड पितळी रंगाचं असलं तरी लोखंडी असतं, चुंबक लावा, चिकटला तर लोखंड. पितळ बारानंतर फुगून परत थोडं आकसतं, लोखंड तेवढं आकसत नाही, म्हणून खरखरीत चेंबरमध्ये ते धरून बसतं. आणि नळ्यांवर चेंबरची लांबी कोरलेली असते ती वाचा, ६५, ७० की ७६ मिलिमीटर. ६५ च्या चेंबरमध्ये ७० चं काडतूस जातं, आरामात जातं, कारण डब्यावरची लांबी ही झाडल्यानंतर उघडलेल्या पुंगळीची असते, घडी बंद असताना ते आखूड असतं. पण झाडलं की तोंड उघडून पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब वाढतो. चिकटणाऱ्या पुंगळ्यांचं कारण हे असेल तर इजेक्टर तुम्हाला वाचवतोय असं समजा आणि तिथल्या तिथे थांबा.

परत बसवताना स्प्रिंग सरळ भोकात, इजेक्टर त्याच खाचेत, अंगठ्याने पूर्ण आत दाबून पिन जागेवर आली का बघा, बहुतेक वेळा टिक असा बारीक आवाज येतो. सोडल्यावर इजेक्टर बाहेर येऊन थांबला पाहिजे, निघून हातात आला तर पिन बसलेली नाही. स्क्रू असेल तर तो घट्ट पण पिळून नाही. डोकं आत दाबल्यावर मोनोब्लॉकच्या पृष्ठभागाच्या बरोबरीत बसतंय ना, नखाला कडा लागत नाही ना, हे दोन्ही बाजूंना बघा.

फोरएंडवाल्यांची एक ठरलेली घाबरगुंडी असते ती म्हणजे सगळं साफ केलं आणि आता फोरएंड चढतच नाही. मोडलं काही नसतं. साफ करताना फोरएंडमधले इजेक्टर हॅमर सुटलेले असतात आणि ते सुटलेल्या अवस्थेत फोरएंड नळ्यांवर बसू देत नाहीत. ते परत कॉक करायचे. फोरएंड घट्ट धरून लाकडाच्या ठोकळ्याच्या कडेवर एकेक हॅमर दाबत न्यायचा, टक असा आवाज येईपर्यंत. लोखंडावर दाबू नका आणि त्या हॅमरच्या वाटेत बोट तर अजिबात नको, तो परत सुटला तर नख काळं होतं, विचारा मला. दोन्ही धरले की फोरएंड जसा चढतो तसा चढेल. तरीही चढत नसेल तर तळहाताने ठोकत बसू नका, परत काढा आणि कुठला हॅमर पुढे आलाय ते बघा.

तपासणी स्नॅप कॅपने. भरलेली काडतुसं घालून खोलीत इजेक्टर तपासणारे लोक मी बघितलेत, पुढे काही बोलत नाही. दोन्ही नळ्यांत स्नॅप कॅप, बंदूक बंद, सुरक्षित दिशा, फक्त एक ट्रिगर ओढा किंवा सिंगल ट्रिगर असेल तर फक्त पहिला बार, मग उघडा. ओढलेली कॅप उडाली पाहिजे आणि न ओढलेली नुसती वर आली पाहिजे. मग दुसऱ्या नळीचं तसंच. मग दोन्ही. इथे एक लक्षात ठेवा, बऱ्याच सिंगल ट्रिगरमध्ये दुसऱ्या नळीवर जायला बंदुकीचा धक्का लागतो, स्नॅप कॅपला धक्का नसतो म्हणून दुसरा हॅमर पडतच नाही आणि माणूस म्हणतो इजेक्टर बिघडला. सिलेक्टर (कुठली नळी आधी ते ठरवणारी कळ) फिरवून दुसरी नळी आधी घ्या, किंवा पहिल्यानंतर दस्ता तळहाताने थोपटा. दोन्ही एकदम उडवताना मागे उशी ठेवा आणि आवाज ऐका, एकच टक यावा. टक-टक असे दोन आले तर टायमिंग पुढे-मागे आहे, थोडंसं असेल तर मी सोडून देईन, पण एक बाजू बंदूक अर्धी उघडल्यावरच उडत असेल तर सिअर दाखवून घ्या. स्नॅप कॅप वजनाला पुंगळीपेक्षा वेगळी असते म्हणून ती किती लांब गेली ते मोजत बसू नका, दोन्ही साधारण सारख्या गेल्या की झालं.

पंप आणि सेमी-ऑटोवाल्यांसाठी दोनच गोष्टी, कारण तिथे इजेक्टर म्हणजे वेगळाच प्रकार आहे. तिथे बोल्टवरचा (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्यावरचा) नखासारखा एक्स्ट्रॅक्टर पुंगळी रिमला धरून मागे ओढतो आणि मागे येता येता पुंगळीचं बूड इजेक्टरवर आपटून ती बाहेर फेकली जाते. पुंगळी चेंबरमध्येच राहिली तर संशय एक्स्ट्रॅक्टरवर, मागे आली पण खिडकीत अडकली तर इजेक्टरवर. रेमिंग्टन ८७० मध्ये इजेक्टर रिसीव्हरला रिव्हेटने ठोकलेला असतो, तो घरी काढायचा नाहीच, जागेवर ब्रशने साफ करा. मॉसबर्ग ५०० मध्ये तो एका स्क्रूवर असतो आणि सहज निघतो, तो स्क्रू सैल झाला तरी पुंगळ्या अडकायला लागतात, म्हणून आधी स्क्रू बघा.

मी आता वर्षातून दोनदा इजेक्टर पूर्ण उतरवतो आणि बंदूक पावसात भिजली तर त्याच रात्री. मधल्या वेळात प्रत्येक सेशननंतर फक्त डोक्याखालच्या खाचेत कोरडा टूथब्रश, दांडा चेंबरकडून, आणि तेलाची डबी लांब. गेल्या वेळी खालचा उतरवला तेव्हा स्प्रिंगच्या भोकातून पहिलाच पाइप क्लीनर जरासा करडा निघाला, दुसरा पांढरा. स्प्रिंग तीच आहे, मी उगाच बदललेली.